डाव्या हातातली अंगठी

आडेलगुंड क्षयाने गेली तेव्हा तिचा वाङ्‌निश्चय जुना झाला होता आणि लग्न अजून व्हायचेच होते. दफनानंतर तिची आई कोर्डुला, आडेलगुंडचा नियोजित वर असलेल्या चित्रकार ट्राउगोट वेंडलरच्या कामाच्या खोलीत आली.

"अंगठी डाव्या हातातून उजव्यात जायची, एवढंच तर लग्न! आधी घर, मग नाव, मग बघू, असं म्हणत राहिलास. गल्लीतल्या बायका तिला शिळी नवरी म्हणायच्या. निदान चित्रात तरी तिला बायको कर."

"करतो. शब्द देतो," ट्राउगोट म्हणाला. त्या क्षणी तो खोटे बोलत नव्हता.

मेण लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर त्याने सुईने तिला रेखले. वराच्या पोशाखातला मृत्यू तिचा हात धरून उभा होता आणि त्या उजव्या हातात अंगठी होती. छापताना चित्र उलटते, म्हणून एरवी तो आरशात पाहून रेखाटत असे. या वेळी आठवणीतला चेहरा निसटू नये म्हणून त्याने आरसा घेतलाच नाही. आम्लाने रेषा खोदल्या गेल्या. पहिला ठसा निघाला, तेव्हा अंगठी डाव्या हातात होती.

अंगठी पुसून दुसऱ्या हातात रेखावी म्हणून तो पत्रा घासायला बसला, तोच चित्रविक्रेता ल्युडेके आला. ओला ठसा पाहून त्याने टोपी काढली.

"वाग्दत्ता! नवऱ्याच्या आधी मृत्यू पोचला. वेंडलर, सगळं ड्रेस्डेन रडेल."

"ती बायको आहे. अंगठी चुकलीये."

"बायका काय, घरोघर मरतात. त्यांची चित्रं कोण विकत घेतो? हात लावू नका याला."

ट्राउगोटने घासणी खाली ठेवली.

ल्युडेकेच्या दुकानाच्या काचेमागे चित्र लागले. "बिचारी, कुमारीच गेली," असे म्हणत बायका डोळे पुसत होत्या. त्यांतल्या दोघी कोर्डुलाच्या गल्लीतल्याच होत्या. कोर्डुला तिथून थेट ट्राउगोटकडे आली.

"छापताना उलटलं," तो खाली मान घालून म्हणाला. "माझी चूक झाली, आई."

"दुरुस्त करता येत होती?"

त्याने घासणीकडे पाहिले. "येत होती."

"मग आई म्हणू नकोस. त्यासाठी लग्न लावावं लागतं."