पूर्वसंबंध

थोरल्या बहिणीच्या घराचा जिना चढतानाच विधिमंडळाच्या त्या सभासदाला तिचा आवाज ऐकू येत असे. "नको गं बाई, कर्ज नको. विमाही नको. जेवलीस का तू?" फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा घंटी, आणि पुन्हा तेच.

अनोळखी नंबर न उचलण्याची चैन ताईला परवडणारी नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. बंदर लागले की मिळेल त्या फोनवरून तो आईशी बोले, त्यामुळे नंबर दर वेळी नवा. एके दिवशी विक्रीच्या फोनांनी तिचे कान किटले होते. त्या वैतागात तिने एक फोन वाजता वाजता कापला, पुन्हा वाजला तेव्हा पुन्हा कापला. नंतर मनात पाल चुकचुकली म्हणून तिने उलट फोन लावला. पलीकडे बंदरावरचा कुणी दुकानदार होता. मोडक्यातोडक्या भाषेत त्याने एवढेच सांगितले, की एक खलाशी पोरगा आला होता, रडवेला दिसत होता, निघून गेला. पुढे जहाजकंपनीने कळवले, की मुलगा त्याच बंदरात उतरला आणि परतला नाही.

तेव्हापासून ताई प्रत्येक फोन उचलत होती. पहिली घंटी वाजली की तिचा चेहरा उजळे, आणि पलीकडचा गोड आवाज सुरू झाला की विझे.

"मी कापला रे, धाकट्या," ती म्हणे. "माझ्या हातांनी कापला."

धाकटा साठीला आलेला होता. तंत्रनिकेतनातून शिकून त्याने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. राजकारणात तो उशिरा आला, आणि त्या जुन्या नोकरीवरून सभागृहातले सहकारी त्याला 'वायरमन' म्हणत. एखाद्या यंत्राचा आराखडा काढावा तसे त्याने विधेयक रचले. त्याचा गाभा एका वाक्याचा होता: ज्याने आधी होकार दिलेला नाही, त्याला विक्रीसाठी फोन करणे हा गुन्हा. लोकांनी ते डोक्यावर घेतले. रस्त्यात अनोळखी माणसे थांबून त्याचा हात हातात घेऊ लागली. ताईने तर एकदा फोनलाच दम भरला, "थांबा, माझा भाऊ येतोय तुमच्याकडे बघायला!" त्या दिवशी ती फार दिवसांनी हसली होती.

विधेयकावरच्या मतदानाच्या दिवशी सकाळी दुरुस्त केलेली प्रत त्याच्या हाती पडली. मूळ वाक्याच्या शेपटाला चार शब्द जोडले होते: 'पूर्वसंबंध असलेल्या व्यक्ती वगळून'. पूर्वसंबंध म्हणजे काय, याची व्याख्या शेवटच्या पानावर होती. ज्याने विक्री करणाऱ्या संस्थेच्या फोनवर एकदा जरी संभाषण केले असेल, त्याचा तिच्याशी पूर्वसंबंध आहे असे मानले जाईल, आणि अशा फोनविरुद्ध तक्रार दाखल करून घेतली जाणार नाही.

तो वाचता वाचता खाली बसला. आजवर निदान तक्रार करून एखादा नंबर बंद पाडता येत होता. उद्यापासून तेवढीही वाट उरणार नव्हती. आणि ताई? ती तर एकूण एक फोन उचलत होती, समोरच्या पोरीला जेवलीस का म्हणून विचारत होती.

पक्षाच्या मतांवर पहारा ठेवणारा प्रतोद त्याला सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात सापडला.

"ही मेख कोणी मारली?"

"मेख कसली, वायरमन? दुरुस्ती म्हणा. आपल्या पक्षाचेही फोन जातातच की! निवडणुकीत तुमचाच आवाज घरोघर वाजला होता. 'नमस्कार, मी तुमचा भाऊ बोलतोय.' आमच्या सासूबाई भावाला जेवायला बोलावून मोकळ्या झाल्या!"

त्याला हसू आले नाही. "मी विरोधात मत देणार."

"स्वतःच्याच विधेयकाच्या?" प्रतोदाने आवाज खाली आणला. "अहो, लोक नाव वाचतात, मागची पानं नाही वाचत. जोड्यानं मारतील तुम्हाला. मुकाट्यानं श्रेय घ्या नि घरी जाऊन बहिणीला सांगा, काम झालं."

विरोधात तिघांनीच हात वर केले. एकाच्या जावयाचे फोनवरून विक्री करणारे मोठे कार्यालय होते. दुसऱ्याला काहीही आले तरी विरोध करायची खोडच होती. तिसरा तो. विधेयक टाळ्यांच्या गजरात संमत झाले, आणि दूरचित्रवाणीवर तिघांचे चेहरे एका ओळीत दिसू लागले. वर मथळा होता, 'छळवादी फोनांचे तीन कैवारी'.

संध्याकाळी तो जिना चढला तेव्हा वरून आवाज आला नाही. ताई दारातच उभी होती. तिने त्याला आत ये म्हटले नाही.

"किती घेतलेस?"

"ताई, आधी ऐकून घे. त्यांनी कायद्यात एक शब्द घातलाय. तू फोन उचलून बोललीस ना, की तुझा त्यांच्याशी संबंध धरणार. मग कितीही..."

"मी बोलले, म्हणून माझीच चूक?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सगळ्यांनी बाजूनं हात वर केले. शेजारीण मला बोलावून टीव्हीवर दाखवत होती, तुझा भाऊ बघ म्हणून." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "मी त्याचा फोन कापला तो चुकून. तू तर समजून-सवरून माझा कापलास. जा तू. तुझा-माझा आता काही संबंध नाही."

इतकी वर्षे तारांचे गुंते सोडवलेल्या त्या माणसाला तो एक शब्द तिच्यापुढे सोडवून ठेवता येईना. त्याने तोंड उघडले, तोच आत फोन वाजला. ताईने ओले हात घाईघाईने कपड्याला पुसले, आणि तिचा चेहरा उजळला. तो उजेड त्याच्यासाठी नव्हता. दार लागले.

"कोण? बाळा, तू आहेस का?"

तो पहिल्या वळणापर्यंत उतरला आणि कठडा धरून थांबला.

"नको गं बाई," बंद दाराआडून आवाज आला. "काही नको. जेवलीस का तू?"

सकाळपासून त्याच्या पोटात काही गेले नव्हते. आजवर या दारात पाऊल टाकले की हा प्रश्न आधी त्याला विचारला जात असे.