निळं टोक

आईच्या तांबड्या-निळ्या पेन्सिलीचं निळं टोक नेहमीच आधी झिजायचं. इंग्रजी वाक्यात उद्देश्य बहुधा आखूड असतं आणि विधेय लांब. उद्देश्याखाली ती तांबडी रेघ ओढायची, विधेयाखाली निळी. पण या खेपेला मी सुट्टीत घरी आले, तेव्हा निळी बाजू बोटाच्या पेराएवढी उरली होती आणि तांबडी जवळजवळ अख्खी. एवढा फरक वाक्यांमुळे पडत नाही.

पुढच्या खोलीत आईची शिकवणी चालायची. दादा आणि मीही तिथल्याच बाकावर शिकलो. रोज आपल्या घराबद्दल एक इंग्रजी वाक्य लिहायचं, हा तिचा नियम. मग ती विचारायची, "कोणाबद्दल बोलतोस? बरं, त्याचं काय?" दादाचं प्रत्येक वाक्य 'आय'ने सुरू व्हायचं. त्याखाली जेमतेम ठिपक्याएवढी तांबडी रेघ ओढत आई म्हणायची, "मी एवढासा, बढाया हातभर." दादा फुगून बसायचा आणि अख्खी खोली हसायची.

आल्या दिवशीच संध्याकाळी मी शिकवणीला येणाऱ्या मुलींच्या वह्या चाळल्या. प्रत्येक विधेयाखाली दोन निळ्या रेघा. वहीच्या निळ्या छापील रेघांत आईला आपली रेघ सापडेनाशी झाली होती. राहिली असं वाटून ती पुन्हा ओढायची. मुलींना ती बाईंची पद्धतच वाटली. एकीने तर स्वतःही दोन ओढायला सुरुवात केली होती.

मोतीबिंदू पिकल्याचं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. ऑपरेशनचा विषय निघाला की आई मुलींच्या परीक्षा पुढे करायची. शिकवणी महिनाभर बंद राहिली तर मुली दुसरीकडे जातील आणि परत यायच्या नाहीत, ही खरी भीती. मी शिकवते म्हटलं, तर प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्यांशी बोलणारीने मुलींच्या वाटेला जाऊ नये, असं तिचं मत पडलं.

मी वाद घातला नाही. मुली गेल्यावर जुन्या नियमाप्रमाणे एक वाक्य लिहून वही तिच्यापुढे ठेवली: 'माय मदर अंडरलाइन्स एव्हरीथिंग ट्वाइस.'

सवयीने तिने पहिल्या दोन शब्दांखाली तांबडी रेघ ओढली, उरलेल्यांखाली निळी. जरा वाकून पाहिलं आणि निळी पुन्हा ओढली. मग वही नाकाशी धरून वाक्य सावकाश वाचलं.

"कोणाबद्दल बोलतेस?"

"तुझ्याबद्दल."

पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. निळ्या टोकावरून अंगठा फिरवत बसली, मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

"एकच रेघ ओढायची, सांग त्यांना," ती म्हणाली. "आणि उद्या डॉक्टरांना फोन कर. ऑपरेशन उरकून टाकू."