दोन बोटांचा आधार

"खुर्ची एक, तीही फुग्याला. आम्ही आपले उभे." नणंदबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. एरवी त्या मोठ्यानेच बोलतात, पण दोन्ही हातांनी कापड ताणून धरलेलं असल्यामुळे माझा कान त्यांच्या तोंडाशीच होता.

"ताई, सोडू नका. सोल्युशन ओलं आहे अजून."

"सोडतेय कुठली? चिकटलेच आहे मी त्याला."

फुगा म्हणजे मांडीएवढा जाड, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. रबरी बोटीच्या जुन्या कापडातून बेतलेला. असे दोन फुगे एका आडव्या पाइपाच्या दोन टोकांना लावायचे आणि तो पाइप पट्ट्यांनी पॅडलबोर्डवर आवळायचा. पॅडलबोर्ड म्हणजे ती लांबरुंद फळी, जिच्यावर उभं राहून वल्हं मारतात. निदान तसं ठरवून लोक आमच्याकडे येतात आणि बराचसा वेळ पाण्यातच काढतात. तळ्याकाठी फळ्या भाड्याने द्यायच्या आणि शिकवायचं, हा आमचा धंदा. नणंदबाई भाडं घ्यायला खिडकीवर बसतात, मी फाटकंतुटकं सांधते, आणि शिकवायचे ते हे, आमचे यजमान.

शिकवायचे म्हणजे आधी; गेल्या हिवाळ्यापासून यांचा गुडघा दुखत होता.

गुडघ्याचं असं, की तो कधी डावा असायचा, कधी उजवा. लोकरीचा पट्टा हाताला लागेल त्या पायावर चढायचा. नणंदबाईंनी तेल आणलं, तेही यांनी दोन्ही गुडघ्यांना निमूट चोळून घेतलं. खरं तर आम्ही दोघं कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो, आणि घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. डाव्या कानाने तोल सांभाळणं सोडलंय, ते पूर्ण परत यायचं नाही, पण घाबरून बसू नका, सराव ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. परतताना हे रस्ताभर भिंतीच्या कडेने चालले. दारात नणंदबाईंनी विचारलं, "काय झालं रे?" तर म्हणाले, "गुडघा." झालं. तेव्हापासून आमचं अख्खं घर त्या गुडघ्याला जपत होतं.

शिकवायचं काम लेकीने अंगावर घेतलं. पोरगी पाण्यात वाघीण आहे, पण ती काठावरून ओरडून शिकवते, आणि ओरडल्यावर माणूस आणखी लवकर पडतो. यांची रीत निराळी होती. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि फळीची शेपटी दोन बोटांनी धरायची. दोनच. फळीला डगमगू द्यायचं, उलटू द्यायचं नाही. वरच्याला वाटायचं, आपले आपणच उभे आहोत. आणि असं वाटता वाटता एके क्षणी तो खरोखरच आपला आपण उभा असायचा.

ती दोन बोटं मला बनवायची होती. मला हे कुणी शिकवलेलं नाही. एक निकामी रबरी बोट शिवणीशिवणीने उसवून बघितली, तीच माझी शाळा.

पहिल्या खेपेला मी फुगे पाण्याला टेकतील असे बसवले. लेक वर चढली, उड्या मारल्या, गिरकी घेतली. "आई, हा तर सोफा झाला. यावर कोण काय शिकणार?"

हे शेडच्या दारात वल्ह्यांना वॉर्निश लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "घट्ट धरलंयस. सोड थोडं."

मग मी फुगे पाण्यापासून चार बोटं वर उचलले. आता फळी मोकळी डुलायची, आणि जास्त कलली तरच त्या बाजूचा फुगा पाण्याला टेकून तिला सावरायचा. पण वल्हं दर फटक्याला पाइपावर आपटायला लागलं. पाइप पावलांच्या मागे नेला, तशी तीही कटकट संपली. सकाळी उठल्याबरोबर आधी जाऊन फुगे बघायचे, मग चहा टाकायचा, असं माझं चालू झालं. नणंदबाई म्हणाल्या, "बाळंतीण परवडली."

एक चूक मात्र आमच्याच घरात होऊ शकते अशी झाली. तपासून बघणारे सगळे घरचे, म्हणजे चालण्याआधी पोहायला शिकलेले. कुणी पडेचना. नणंदबाई एकदा ठरवून पडल्या, तर नाक चिमटीत धरून आणि "पडते हं" असं सांगून.

तळ्याचे व्यवस्थापक बघायला आले तेव्हा ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. फुगे लावून फळ्या भाड्याने द्यायला त्यांचा होकार लागतो. पॉलिश केलेले बूट ओल्यापासून सांभाळत ते म्हणाले, "वहिनी, वस्तू छान दिसतेय. पण तुम्ही सगळी बदकांची जात. ज्याला उभंच राहता येत नाही, असं कुणी आहे का?"

"तुम्हीच चढा की," नणंदबाई म्हणाल्या.

"मला मीटिंग आहे."

लेक वल्ह्याचं टोक न्याहाळत राहिली. नणंदबाईंनी स्वतःच लिहिलेला भाड्याचा फलक वाचायला घेतला. मी आवळलेलं बक्कल पुन्हा आवळलं. शेडकडे तेवढं कुणी बघितलं नाही.

शेडकडूनच हे आले. कठड्याला हात लावत, सावकाश. पट्टा आज उजव्या गुडघ्याला होता.

"अरे, गुडघा तुझा..." नणंदबाई म्हणाल्या.

यांनी फळीवर गुडघे टेकले, वल्हं आडवं धरलं आणि उठले. मी मागे कमरेएवढ्या पाण्यात उभी होते. हात पुढे जात होते, ते मी पाठीमागे बांधून ठेवले. हे डावीकडे कलले, चांगलेच कलले. डावा फुगा पाण्याला टेकला, दबला, आणि फळी परत सरळ झाली. हे क्षणभर थांबले. मग वल्हं पाण्यात घातलं.

बोटी बांधायच्या खांबांपर्यंत गेले. तिथे वळले, आणि वळणंच सगळ्यांत अवघड. दोनदा कलले, दोन्हीदा फुग्याने सावरलं. लेक पहिल्यांदाच काठावर असून ओरडत नव्हती. मला आपलं सारखं वाटत होतं, जगातल्या समस्त शिवणकाम करणाऱ्या बायकांना हाक मारून हे दाखवावं.

हे धक्क्याला लागले, वर येऊन बसले. व्यवस्थापक हसले. "यांना तर येतंच. हे कसले नवशिके?"

"त्याचा गुडघा जरा..." नणंदबाईंनी नेहमीचं सुरू केलं.

यांनी पट्टा काढला, पिळला आणि बहिणीच्या हातात दिला.

"गुडघा ठणठणीत आहे, ताई. कान गेलाय माझा. जमिनीवरसुद्धा मला धड उभं राहता येत नाही. आत्ता पाण्यावर राहिलो, ते हिच्या फुग्यांमुळे."