जादा आलेले अठ्ठेचाळीस हजार

प्रेमिला मेश्राम शहरातल्या सदर भागात ‘प्रेरणा ड्रेसेस’ चालवायची. कंपन्यांचे गणवेश शिवून द्यायचे, हा धंदा. शिलाईकडे तिची मोठी जाऊ मनकर्णा बघायची, हिशेब प्रेमिलाकडे. मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने तिचं बिल चुकतं केलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडूनच आणखी अठ्ठेचाळीस हजार खात्यात येऊन पडले. बिल नाही, ऑर्डर नाही, काही नाही.

तिने लगेच कंपनीत फोन लावला. अकाउंट्समधला रजत म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे तर तुमचं एकच पेमेंट दिसून राहिलं.”

“अहो, पण पैसे माझ्या खात्यात आले ना!”

“मग मेल टाका.”

तिने मेल टाकला. उत्तर आलं, ‘पैसे न मिळाल्याची आपली तक्रार नोंदवली आहे.’ प्रेमिलाने कपाळावर हात मारून घेतला.

“काहून मागे लागली वं त्यायच्या?” मनकर्णा म्हणाली. “त्यायले नको असन तर राहू दे. नवी मशीन घेऊन टाकू.”

“आपली कमाई नाही ते, जाऊबाई. विक्रीत दाखवलं तर टॅक्स आपल्या डोक्यावर. अन् उद्या मागितले तर कुठून देऊ?”

तिने ती रक्कम कंपनीचं देणं म्हणून वेगळी लिहून ठेवली. पण देणं घ्यायलाच कोणी तयार नव्हतं. पुढच्या बिलातून तिने तेवढे पैसे वजा केले, तर आकडा ऑर्डरशी जुळत नाही म्हणून रजतने बिल परत पाठवलं. वैतागून तिने पूर्ण रकमेचं बिल धाडलं, तर त्यांनी ते मुकाट्याने पूर्ण भरलं!

शेवटी भर उन्हात स्कूटी काढून ती मिहानला पोचली. गेटवर पाससाठी ताटकळली, मग रजतच्या टेबलापुढे खुर्ची ओढून तिने बँकेचं स्टेटमेंट त्याच्यासमोर आपटलं. “हे निपटल्याबिगर मी इथून हालत नाही.”

रजतने कॉम्प्युटरवर खालीवर शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, हे तर कन्हानच्या ओमप्रकाशजींचे पैसे. झाडू-फिनाईल पुरवतात ते. त्यांचं ‘प्रेरणा ट्रेडर्स’, तुमचं ‘प्रेरणा ड्रेसेस’. नावात गडबड झाली, त्यांच्या पेमेंटला तुमच्या खात्याचा नंबर लागला. ते रोज फोन करून राहिले, अन् मी सांगून राहिलो का पेमेंट झालं म्हणून.”

“म्हणजे त्या माणसाले तुम्ही खोटं पाडलं?”

“तुम्हीच त्यांना परस्पर टाकून द्या ना, मॅडम. विषय खतम.”

प्रेमिलाचा पारा चढला. “वा! ज्याच्याशी माझा व्यवहारच नाही त्याले पैसे दिले, तर हिशेबात काय लिहू? तुमच्याकडून आले, तुमच्याकडेच जातील. चूक झाल्याचं पत्र द्या, खात्याचा नंबर द्या. अन् त्यायले फोन लावा, आत्ता, माझ्यासमोर.”

फोन लागला. पलीकडून ओमप्रकाश इतके कडाडले की प्रेमिलालाही सगळं ऐकू आलं. दुकानाचं भाडं थकलं होतं, मालवाल्याने उधारी बंद केली होती. रजत नुसता ‘सॉरी, सॉरी’ करत राहिला. इतके दिवस प्रेमिला आपल्याच डोकेदुखीला कावली होती. दुसरीकडे कोणाच्या तरी गळ्याशी आलंय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

पत्रावर सहीसाठी साहेब हवे होते आणि साहेब जेवायला गेले होते. ती बसून राहिली. सही झाली तशी तिथूनच मोबाईलवर तिने पैसे परत केले.

चार-पाच दिवसांनी रजतकडून नंबर घेऊन ओमप्रकाशांनी कन्हानहून फोन केला. “पैसे भेटले, ताई. पण इतके दिवस तुम्ही ठेवले काहून?”

प्रेमिलाच्या जिभेवर नाही नाही ते आलं. ते गिळून तिने पहिल्या फोनपासूनची सगळी कहाणी सांगितली. ओमप्रकाश ऐकत राहिले आणि मग खो-खो हसले.

“म्हणजे त्यायनं तुम्हालेबी नाचवलंच म्हणा!”

“नाचवलं म्हणजे काय!” प्रेमिला म्हणाली, आणि मग दोघांनी मिळून त्या कंपनीला पोटभर नावं ठेवली.