विहंगच्या दोन मेंढ्या

भाऊबीजेची जेवणं आटोपली की आमच्या देवासच्या घरी सतरंजी पडते आणि मेंढीकोटचा डाव मांडला जातो. खेळ चौघांचा, समोरासमोर बसतात ते भिडू. दहाची चार पानं म्हणजे मेंढ्या. ज्यांच्याकडे मेंढ्या जास्त, ते जिंकले.

माझ्यासमोरची जागा विहंगची, माझ्या पुतण्याची. धरमपुरीहून भावाने त्याला शिकायला माझ्याकडे ठेवलं, तेव्हा त्याला मराठीतले आकडेही येत नव्हते. पत्ते वाटता वाटता मी ते शिकवले. आणि मेंढी सोडायची नाही, हेही.

आता तो पोकरच्या स्पर्धा खेळतो. तोच त्याचा पोटाचा धंदा. त्यापायी मागच्या काही दिवाळ्यांना आला नाही. यंदा गोव्याहून फोनवर म्हणाला, "तात्या, भाऊबीजेला दुपारपर्यंत बाहेर झालो तर संध्याकाळच्या विमानाने येतो. टिकलो तर नाही."

त्या सकाळी देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय ते ठरेना.

जेवणं झाल्यावर त्याची बहीण उर्वशी हिने आपला मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर स्पर्धेच्या टेबलाशी बसलेला विहंग दिसत होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, गालफडं बसलेली.

"काही खातो की नाही हा?" उर्वशी म्हणाली.

"हे अर्ध्या तासापूर्वीचं आहे," तिचा नवरा अंकित म्हणाला. "सगळ्यांची पानं दाखवतात ना, म्हणून मुद्दाम उशिरा." मग पडद्याकडे बघून ओरडला, "उठ ना भिया, श्रीखंड संपतंय!"

एवढ्यात त्यांची लेक ऋजुता टाळ्या पिटायला लागली. "मामाकडे दोन मेंढ्या!"

"पोकरमध्ये मेंढ्या नसतात, बेटा," अंकित म्हणाला. " दहाला तिथे एवढा भाव नाही. समोरच्याने सगळं लावलंय, मामाने सोडायला पाहिजेत."

विहंग पानांवरून अंगठा फिरवत बसला होता. लहानपणी फिरवायचा तसाच.

"सोड रे," मी पडद्याला म्हणालो. तेवढ्यात माझा फोन वाजला. विहंगच होता.

"तात्या, झालो बाहेर."

पडद्यावर तो अजून विचारच करत होता.

"मेंढ्या धरल्यास ना?"

"बघताय होय!" तो हसला. "त्याच्याकडे राजे होते. बाकी सगळं सोडतो हो मी. नव्वे सोडतो, गुलाम सोडतो. दहा आले की तुमचा आवाज ऐकू येतो."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी विचारलं, "विमान कितीचं?"

मागे चिपांची खळखळ ऐकू येत होती.

"उद्या इथेच दुसरी स्पर्धा आहे, तात्या. हरून घरी आलो ना, की परत निघवत नाही."

"बरं," मी म्हणालो. "जेवून घे आधी."

उर्वशी आतून तबक घेऊन आली. मोबाइलसमोर पाट मांडला, निरांजन लावलं. पडद्यावर विहंग पानं धरून बसलेला, अजून न हरलेला. तिने त्याला घाईघाईने ओवाळलं. मग अंकितने मोबाइल उचलून खिशात घातला. पुढचं कुणालाच बघायचं नव्हतं.

"मैं बैठूँ मामाच्या जागेवर?" ऋजुताने विचारलं.

पानं वाटली. तिच्या मुठीत ती मावेनात. थोड्या वेळाने तिने बदामाचा दहा सरळ मला दाखवला. "तात्या, ये अभी डालूँ?"

"चीटिंग!" अंकित ओरडला.

"धरून ठेव," मी म्हणालो. "भिडूचा हात होतोय असं दिसलं की मगच टाकायची."

ती विचारात पडली. "मामासमोर भिडू नव्हता?"

उर्वशीने मान खाली घालून पानं लावली. उतरायची पाळी माझी होती. मी बदामाचा एक्का सतरंजीवर ठेवला.

"आता टाक," मी म्हणालो.