दुसऱ्या कप्प्यातले चलन

मित्रांनो, मी एक जुनी कप्प्यांची फाइल आहे. पट्टा काढून मला उघडले की मी भात्यासारखी पसरते आणि मिटले की गुपचूप एका हाताच्या रुंदीत बसते. माझा मूळ रंग तपकिरी. आता कोपऱ्यांवरचा रंग उडाला आहे आणि आतला पुठ्ठा दिसू लागला आहे. दिसायला मी कधीच काही खास नव्हते. पण एका घराचे सगळे महत्त्वाचे कागद एकवीस वर्षे मी पोटात सांभाळले, आणि त्यातला एक कागद मी सांभाळायला नको होता. त्याचीच हकिकत सांगते. तुम्हाला हे रडगाणे वाटले तर वाटू दे.

माझा जन्म कागदाच्या एका कारखान्यात झाला. जाड पुठ्ठा कापून, त्याला घड्या घालून, सरस लावून एका बाईने मला तयार केले. तिची बोटे सरसाने कायम चिकट असायची आणि ती सारखी कुणालातरी नावे ठेवत असायची. तिथून मी कागद-पेनांच्या एका दुकानात गेले. टाचण्यांच्या डब्या भराभर खपायच्या, वह्या तर विचारूच नका. मी मात्र आठ महिने वरच्या फळीवर धूळ खात पडून राहिले.

एके दिवशी एक बारीक अंगाचे गृहस्थ आले. चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी मला खाली काढून घेतले आणि प्रत्येक कप्प्यात बोट घालून कप्पे मोजायला सुरुवात केली.

"अहो, तेराच आहेत," दुकानदार म्हणाला. "वर छापलंय ते वाचा की."

"छापलेलं वाचायला लावणं हाच माझा धंदा आहे," ते म्हणाले. "म्हणूनच विश्वास नाही."

तेच माझे मालक. त्यांचे चष्म्यांचे दुकान होते, भाडेकराराने घेतलेले, घरापासून दोन गल्ल्या सोडून. खिडकीपाशी काच घासायचे यंत्र, भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि काउंटरच्या मागे बाई. बाई म्हणजे मालकांची पत्नी. काच घासणे त्या मालकांकडूनच शिकल्या होत्या, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवण्यात तर त्यांचा हात मालकांपेक्षाही हलका होता. कागदांना मात्र त्या हात लावत नसत. "ते सगळं ह्यांच्याकडे," एवढे म्हणून त्या मोकळ्या होत.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक रूक्ष गोष्ट समजून घ्यावी लागेल. पगारदार माणसाचा कर त्याच्या पगारातूनच कापला जातो. ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याला अशी सोय नाही. यंदा किती कमाई होईल याचा त्याने अंदाज बांधायचा आणि त्यावरचा कर वर्षभरात चार हप्त्यांत आधीच भरायचा. प्रत्येक हप्त्याची तारीख ठरलेली असते. ती चुकली, किंवा रक्कम कमी पडली, की त्या दिवसापासून दंड चढू लागतो. तो प्रत्येक हप्त्याचा वेगळा मोजतात, आणि पैसे पोचेपर्यंत तो थांबत नाही.

मालकांना दंड कधी माहीत नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला एका दुपारी ते चारही हप्त्यांची चलने लिहून काढायचे आणि माझ्या पहिल्या चार कप्प्यांत ठेवायचे. तारखेच्या दिवशी चलन काढायचे, त्याला चेक टाचायचा, कप्प्याच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, बूट घालायचे आणि बँकेत जायचे. परत आले की शिक्क्याची पावती त्याच कप्प्यात.

"अहो, पैसे भरून आल्यावर खूण करा की," बाई चिडवायच्या.

"मी निघालो म्हणजे भरलेच समज," मालक म्हणायचे.

आणि खरेच वीस वर्षांत एकदाही वेगळे झाले नाही. मालकांची बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. ती मला पाहून म्हणायची, "दादा, माझी बिलं उशीच्या अभ्र्यात असतात. तुझी फाइल बघितली की मला लाज वाटते." हे ऐकून मी फुलून जायची. आता वाटते, इतके फुलायला नको होते. खूण आधी आणि काम मागून, ही सवय चांगली नव्हे, हे मला तेव्हाच समजायला हवे होते.

त्या वर्षी दुसऱ्या हप्त्याचा दिवस उजाडला. मालकांनी चलन काढले, चेक टाचला, खूण केली आणि ते निघाले. एरवी त्यांना परतायला तास-सव्वातास लागायचा. त्या दिवशी अर्ध्या तासात दार वाजले. ते माझ्याजवळच्या खुर्चीत बसले. बूटही काढले नाहीत. त्यांचा हात माझ्यावर पडला तेव्हा तो घामाने थबथबलेला होता. श्वास असा येत होता की जणू जिन्याचे चार मजले धावत चढून आलेत. मग त्यांनी खिशातून ते चलन काढले आणि चेकसकट पुन्हा माझ्या दुसऱ्या कप्प्यात सारले.

"झालं का?" बाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"झालं."

"लवकर आलात."

"गर्दी नव्हती."

बाई बाहेर आल्या नाहीत. त्यांचे हात कामात होते आणि उत्तर सरळ होते. मालक पुटपुटले, "उद्या जाऊन येतो." ते फक्त मी ऐकले. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले, तिसऱ्या-चौथ्या दिवशीही गेले. बँकेचा रस्ता चढाचा आहे, तो त्यांनी टाळला असावा. पाचव्या दिवशी ते दुकानात यंत्रापाशीच कोसळले. एकोणीस दिवस दवाखान्यात होते. घरी परत आले नाहीत.

पुढे कित्येक आठवडे मला कुणी शिवले नाही. मग तिसऱ्या हप्त्याची तारीख जवळ आली तेव्हा बाईंनी मला पहिल्यांदा स्वतःहून खाली काढले. नणंद शेजारी बसली होती. बाईंनी चिठ्ठ्यांवरून बोट फिरवले.

"दोन झालेत, दोन राहिलेत," त्या म्हणाल्या. "चलनं लिहूनच ठेवलीत बघ, वन्सं. त्यांचं काही अर्धवट राहायला नको."

त्यांनी दुसऱ्या कप्प्यात डोकावून पाहिले नाही. खूण होती ना. मला ओरडावेसे वाटत होते. पण पुठ्ठ्याला कसला आवाज? मी पट्टा तेवढा ताणून धरला, आणि त्याने काय होणार होते.

बाईंनी तिसरा हप्ता तारखेला भरला. चौथाही भरला. दोन्ही वेळा पावती ठेवली आणि मगच खूण केली. पहिली खूण इतकी वाकडी आली की त्यांनी ती पुसून पुन्हा काढली. दुकानही त्यांनी स्वतःच्या नावावर करून चालू ठेवले. गिऱ्हाइके टिकली. भाडेकरार संपत आला होता, तो नवा करायला लागणारे पैसे त्यांनी वर्षभर चिमूट चिमूट करून बाजूला टाकले होते.

पुढच्या वर्षी कर-कचेरीतून पत्रे आली. एक मालकांच्या नावाने, एक बाईंच्या. दुसरा, तिसरा, चौथा, असे तीन हप्ते भरलेले नाहीत, कर दंडासकट भरा. सगळे मिळून रक्कम त्या बाजूला टाकलेल्या पैशांच्या कितीतरी पुढे जात होती.

"भरले नाहीत म्हणे," बाई म्हणाल्या. "एक त्यांनी भरला, दोन मी माझ्या हातानं भरले. त्यांनी जन्मात कुणाचा एक पैसा बुडवला नाही आणि हे असं लिहितात."

"वहिनी, मी येते बरोबर," नणंद म्हणाली. "कचेरीत एकटीनं जायचं नाही. तिथे माणूस शहाणा असला तरी येडा होतो."

बाईंनी माझा पट्टा करकचून लावला आणि मला छातीशी धरून नेले. इतकी वर्षे जिची मी कुणीच नव्हते, तिच्या कुशीत बसून मी गेले, आणि माझ्या पोटात ते चलन होते.

कचेरीत ओळीने प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. दीड तासाने नंबर लागला. काचेच्या पलीकडे एक कारकूनबाई होती, सर्दीने नाक लाल झालेली. तिने पत्रे वाचली, संगणकात पाहिले.

"तिसऱ्या आणि चौथ्या हप्त्याचे पैसे आलेत," ती म्हणाली. "पण तुमच्या कराच्या नंबरावर नाहीत. त्यांच्या नंबरावर आलेत."

"चलन त्यांचंच होतं. त्यांनीच लिहून ठेवलेलं."

"हो, पण दुकान तेव्हा तुमचं झालं होतं ना, ताई. कमाई तुमची, तर कर तुमच्या नंबरावर भरायला हवा. गेलेल्या माणसाला पुढचे हप्ते नसतात."

 बाई नणंदेकडे वळून म्हणाल्या, "मी त्यांचे भरत राहिले गं."

कारकूनबाईने मान खाली घातली. "असं बऱ्याच जणांचं होतं. अर्ज द्या, आम्ही पैसे तुमच्याकडे वळते करतो. त्या दोन्हींवरचा दंडही माफ होईल. घरात मृत्यू झाला, हे कारण चालतं. मृत्यूचा दाखला जोडा."

"आणि दुसरा हप्ता?"

"तो आलाच नाही."

"आलाय. खूण आहे." बाईंनी मला काउंटरवर ठेवून उघडले आणि चिठ्ठी दाखवली.

"खूण नको, पावती दाखवा."

बाईंची बोटे माझ्या दुसऱ्या कप्प्यात शिरली. चलन बाहेर आले, न फाडलेले, शिक्का नसलेले, आणि त्याला टाचलेला चेक. चेकवर तारीख होती, मालकांची सही होती. नणंदेने हात तोंडावर नेला. बाई ती तारीख पाहत राहिल्या.

"त्या दिवशी ते लवकर आले होते," त्या म्हणाल्या. "बूट घालूनच बसले होते. नंतर खोलीभर माती झाली म्हणून मी बोलले त्यांना."

"आजारी होते का?" कारकूनबाईने हळू विचारले. "आजारपणाचं कारणही चालतं. त्या तारखेचा काही कागद आहे का? डॉक्टरचा, औषधाचा, काहीही."

"चार दिवसांनी दवाखान्यात नेलं."

"चार दिवसांनंतरचा नाही चालणार. हप्ता चुकला त्या दिवशीचा लागतो. खात्यात पैसे होते?"

"होते. मग दवाखान्याच्या बिलात गेले."

"मग अवघड आहे, ताई."

मित्रांनो, त्या दिवशीचा पुरावा होता. तो घामेजलेला हात माझ्यावर पडला होता, तो श्वास मी ऐकला होता. साक्षीदार तिथेच काउंटरवर उघडी पडली होती आणि तिला कुणी काही विचारू शकत नव्हते.

नणंद बाईंच्या कानाशी लागली. "वहिनी, माझ्या ओळखीचा एक डॉक्टर आहे. तो चार दिवस मागची तारीख घालून देईल. दुकान वाचेल."

"नको," बाई म्हणाल्या. "एकदा खोटं सांगून झालंय. तेवढं पुरे."

त्यांनी अर्ज घेतला. हप्ता चुकण्याचे कारण लिहायला पाच ओळी होत्या. बाईंनी तीनच वाक्ये लिहिली. माझ्या अंगावरच कागद ठेवून लिहिली, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा दाब मला कळला. 'त्या दिवशी त्यांना बरे नव्हते. त्यांनी मला सांगितले नाही. मी विचारले नाही.'

कारकूनबाईने ते वाचले. "एवढ्यानं नाही व्हायचं हो," ती म्हणाली.

"मला एवढंच खरं माहीत आहे," बाई म्हणाल्या.

पाच आठवड्यांनी उत्तर आले. तिसऱ्या आणि चौथ्या हप्त्याचे पैसे बाईंच्या नंबरावर वळते झाले, त्यांवरचा दंड माफ झाला. दुसऱ्या हप्त्याची विनंती पुराव्याअभावी नामंजूर. तो कर आणि त्यावर चौदा महिन्यांचा दंड भरावा लागला. करार नवा करायचे पैसे त्यातच गेले. दुकान सुटले. अक्षरांचा तक्ता भिंतीवरून काढताना फाटला. काच घासायचे यंत्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या दुकानाने घेतले, आणि ते चालवायला माणूस हवा म्हणून बाईंनाही ठेवून घेतले. आता त्या आपल्याच यंत्रावर दुसऱ्याच्या काचा घासतात. पगारदार झाल्या आहेत. त्यांचा कर महिन्याच्या महिन्याला पगारातून कापला जातो, त्यामुळे मला काही काम उरलेले नाही. पलंगाखाली असते. कधी झाडू लागतो, तेवढाच.

मालकांवर मला रागवावेसे वाटते आणि रागावता येत नाही. ते लबाड नव्हते. बायको घाबरेल म्हणून त्यांनी दोन शब्दांत विषय मिटवला. आणि बाई बेफिकीर नव्हत्या, त्यांचा विश्वास होता. दोन भल्या माणसांच्या मध्ये एक चलन पडून राहिले, आणि ते मी जपले.

मला झाडा-पुसा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. पुठ्ठ्याचे आयुष्य ते किती. घरातले कागद दोघांनी मिळून बघत चला, आज बघा, दोघेही असताना. कुठला हप्ता कुणाच्या नावावर जातो ते दोघांनाही ठाऊक असू द्या. आणि तुमच्या घरातले कुणी नेहमीपेक्षा लवकर परत आले, खुर्चीत नुसतेच बसले, आणि सगळे झाले म्हणाले, तर हातातले काम तसेच टाका, बाहेर या आणि त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा.