बोरीच्या माळावरची वाऱ्याची पिशवी

मित्रांनो, ताडकळसला गुरुसिद्धप्पांच्या माळवदावर बांबूला एक कापड लोंबताना दिसतं. ते कुणी वाळत घालून विसरलेलं नाही. ती मी आहे, एक जुनी वाऱ्याची पिशवी. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद आणि दोन्हीकडून उघडी. बोरीची मुलं मला विमानाची विजार म्हणत, तीही एका पायाची. मला राग यायचा, पण दिसते तशीच, त्याला काय करणार?

परभणीच्या एका तंबू शिवणाऱ्या कारागिराने मला भडक नारिंगी कापडातून शिवलं. त्या वर्षी बोरीच्या शिवारात कापसावर बोंडअळी माजली होती. फवारणीसाठी एक लहान विमान आलं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर धावपट्टी केली आणि तिच्या कडेला खांबावर मला चढवलं. वारा जिकडून येईल तिकडे तोंड करायचं, एवढंच माझं काम. विमानाने वाऱ्याला सामोरं जाऊन उतरायचं असतं. वारा पाठीमागून असला तर ते लवकर थांबत नाही. म्हणून वैमानिक आधी मला बघतो, मग उतरतो. केवढाही मोठा साहेब असो, मला विचारल्याशिवाय जमिनीवर यायचं नाही, असा माझा तोरा होता.

आमचे वैमानिक म्हणजे हेच गुरुसिद्धप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे आणि त्यावर कानटोपी. तरुणपणी ते हैदराबादला विमान चालवायला शिकले आणि मग कितीतरी वर्षं त्यांनी प्रवाशांची मोठी विमानं चालवली. अठ्ठावन्न पुरी होताच कंपनीने गळ्यात हार घालून त्यांना घरी बसवलं. फवारणीच्या विमानाला मात्र वयाची आडकाठी नव्हती. पिकावरून इतक्या खालून जायचे की बांधावरची माणसं आपोआप वाकत. सगळं गाव त्यांच्यावर खूश होतं.

तिसऱ्या हंगामापर्यंत उन्हाने माझा रंग पार उडाला. नवी आणू, नवी आणू, असं सगळे म्हणत. पण मी लटकत होते, फिरत होते, मग कोण कशाला आणतंय?

एकदा माझ्या खांबाखाली चहा पिताना निवृत्तीचा विषय निघाला. अप्पा म्हणाले, "आमी काही जण लय भांडलो. म्हणलं, डॉक्टरनं तपासावं, विमान चालवून बघावं, अन् साठपर्यंत ठेवावं. कुणी ऐकलं न्हाई. डोळे धड, हात धड, तरी घरी बसा."

शाळेतले भगवानराव मास्तर मनातलं बोलून टाकणारे. ते म्हणाले, "राग धरू नका अप्पा, पण मला नियमच बरा वाटतो. न्हाईतर साहेबाच्या ओळखीचा असंल तो तरणाच राहील. अन् मी थकलो असं स्वतःहून कोण सांगतंय?"

"बैलाचे दात समदेच बघतेत, मास्तर," चांगुणाबाई म्हणाली. तिचं कापसाचं रान माळाला लागूनच होतं. "पण घेताना गाडीला जुंपूनच बघतेत. अप्पाला तर आपुण रोजच जुंपायलोत की."

अप्पा पोटभर हसले. माझं मत कुणी विचारलं नाही, पण मी अप्पांच्या बाजूची होते.

पुढच्याच आठवड्यात अप्पा चांगुणाबाईच्या रानावर औषध मारत होते. निम्मं रान झालं, औषध संपलं आणि वारा फिरला. मी गर्रकन तोंड वळवलं. अप्पा माझ्यावरून गेले, त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे बघितलंही, आणि रोजच्याच बाजूने उतरले. वारा पाठीशी होता. विमान धावतच राहिलं. औषधाच्या पिंपांजवळची माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. पिंपांच्या अगदी जवळ येऊन विमान थांबलं. कुणाला काही झालं नाही, पण माझा जीव उडून गेला होता.

अप्पा खाली उतरले आणि माझ्या खांबापाशी आले. "वारा फिरलेला मला दिसला न्हाई," ते म्हणाले. "पिशवीकडं बघितलं, पण तोंड कुठलं अन् शेपूट कुठलं, काही कळलं न्हाई."

दुसरा वैमानिक येईपर्यंत अळी थांबणार नव्हती आणि चांगुणाबाईचं निम्मं रान राहिलं होतं.

"पिशवीच विटलीय, अप्पा," ती घाईने म्हणाली. "मुरमात मुरूम झालीय. तुमच्या डोळ्याला काय झालंय? तिला उद्याच लाल रंग देऊ."

मास्तरांनीही होकारार्थी मान डोलावली. बाई खोटं बोलत नव्हती. मी खरंच विटले होते. सगळा दोष माझ्यावर येऊ दे, असं मला मनापासून वाटलं.

अप्पांनी वर माझ्याकडे बघितलं. "विटली हाय, खरं हाय," ते म्हणाले. "पण मला ती कालबी दिसत नव्हती, परवाबी न्हाई. रोज वारा एकाच बाजूनं होता, म्हणून निभावलं. मास्तर, स्वतःहून कोण सांगतंय म्हणलात ना? मी सांगायलोय."

मास्तरांनी अप्पांच्या हातातली कानटोपी घेतली आणि त्यांना सावलीत नेऊन बसवलं.

नवा वैमानिक यायला आठ दिवस लागले. तोवर अळीने चांगुणाबाईची बरीच बोंडं खाल्ली. ती चार दिवस धुसफुसली. मग हिवाळ्यात तिने अप्पांच्या घरी हुरडा पाठवला. माळावर नवी पिशवी आली आणि अप्पा मला ताडकळसला घरी घेऊन आले. अप्पा आता वेळेवर जेवतात, म्हणून त्यांच्या पत्नी मल्लम्मा खूश आहेत. अप्पाही सुखात आहेत आणि मीही.

माझा रंग ताजा असता तर अप्पांना मी दिसले असते का? मित्रांनो, मला वारा सांगता येतो, हे नाही सांगता येत. म्हणून माझ्यासारख्या वस्तूंना वेळच्या वेळी रंग द्या. आणि तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस 'मला दिसलं नाही' असं म्हणालं, तर त्याची समजूत घालू नका. त्याला ते सांगायला फार जड गेलेलं असतं. त्याचं ऐकून घ्या.